लेझरच्या खोक्यातला दिवा

आमच्या प्रयोगशाळेतला लेझर ऐन परीक्षकांच्या भेटीच्या तोंडावर बंद पडला आणि विभागाने अधिकृतरीत्या दुःख व्यक्त केलं. चालू असतानाही तो फारसा चालत नसे. पण बंद पडल्यावर त्याचे गुण सगळ्यांना आठवू लागले.

खरी पंचाईत झाली ताईची. ही आमची संशोधक विद्यार्थिनी. पहिल्या वर्षी सगळे तिला नावाने हाक मारत, पाचव्या वर्षापासून 'ताई' म्हणू लागले, आणि यंदा एका नव्या मुलाच्या तोंडून 'मावशी' निसटलं. पदवी आता मिळायलाच हवी होती. काम सांगायला सोपं: एका रंगद्रव्यावर प्रकाशाचा क्षणभर झोत मारायचा आणि झोत विझल्यावर ते किती वेळ चमकत राहतं ते मोजायचं. उत्तर सेकंदाच्या अब्जाव्या भागांत येतं, म्हणजे नॅनोसेकंदांत.

ताईने डोकं लावलं. चिमटीत मावेल एवढा एलईडी घेतला, त्याला भराभर उघडझाप करायला लावली आणि मोजलं. अकरा नॅनोसेकंद. पुन्हा मोजलं, पुन्हा अकरा. आनंदाच्या भरात ती मार्गदर्शक सरांकडे धावत गेली. चूक झाली ती इथे.

"एलईडी?" सर म्हणाले. "अगं, तो माझ्या नातीच्या बुटात लागतो!"

"पण सर, उत्तर बरोबर येतंय."

"उत्तराचं कोण विचारतंय? दार उघडल्यावर माणूस दचकला पाहिजे. तुझ्या त्या दिव्यापुढे परीक्षक डोळे वाचवायचा काळा चष्मासुद्धा घालायचे नाहीत."

विभागाला हे पटलं. मेलेल्या लेझरच्या खोक्यात एलईडी बसवण्यात आला. खोकं गप्प बसलेलं बरं दिसेना, म्हणून आत एक पंखा लावला. तो घरघरू लागल्यावर सगळ्यांना विज्ञान चालू झाल्यासारखं वाटलं. दारावर लाल दिवा आणि 'जिवाला धोका' अशी पाटी आली. पाटी वाचून सफाईवाल्या बाई आत येईनात, त्यामुळे धूळ साचली, आणि धुळीमुळे यंत्र भलतंच अनुभवी दिसू लागलं.

परीक्षक आले. काळा चष्मा चढवून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण अकराचा आकडा ऐकून म्हणाले, "वा! लेझरशिवाय इतकी अचूकता शक्यच नाही."

ताईला राहवलं नाही. "सर, आत एलईडी आहे."

परीक्षकांनी चष्मा काढला. "मग आकडा चुकला असणार."

"तोच आकडा आहे, सर. आत्ताच तुम्ही वा म्हणालात."

"तेव्हा बरोबर होता," ते शांतपणे म्हणाले. "लेझर दुरुस्त होऊ द्या, मग बघू."

ताई जिन्यात बसून रडली. आम्ही सगळ्यांनी तिची समजूत काढली आणि मार्गदर्शक सरांची बाजू घेतली.

वर्षभराने लेझर दुरुस्त होऊन आला. उत्तर आलं सतरा. दुरुस्तीवाल्याने डोकं खाजवलं. "खरं उत्तर किती यायला पाहिजे, मॅडम?"

"अकरा," ताई म्हणाली.

अकरा येईपर्यंत त्याने लेझरचे कान पिळले. परीक्षकांनी लगोलग पदवी मंजूर केली आणि लेझरच्या अचूकतेचा खास गौरव केला.

हसताय? मागे डॉक्टरांनी नुसती नाडी बघून "काही झालेलं नाही, वेळेवर झोपा" म्हणून तुम्हाला घरी पाठवलं, तेव्हा तुम्ही डॉक्टर बदललात. नव्या डॉक्टरांनी तुम्हाला एका घरघरणाऱ्या मोठ्या यंत्रात आडवं घातलं, बाहेर काढलं आणि सांगितलं, वेळेवर झोपा. तेव्हापासून तुम्ही वेळेवर झोपता.