शेवंतीची भूल

आमचे उस्मानपुऱ्यातले शेजारी अनंतराव मांजराच्या वाटीतलं खाणं चाखताना मला पहिल्यांदा दिसले, तेव्हा माझ्या हातातली भाजीची पिशवी खालीच पडली. ते शांत. म्हणाले, "आधी मी, मग ती. मीठ जरा जास्तच हाय." जंताच्या औषधाचंही तेच. बोटभर स्वतः चाटायचं, वाट बघायची, मगच त्या मांजरीला, शेवंतीला द्यायचं. निवृत्त कारकून, एकटा जीव.

ही शेवंती गच्चीवरून पडली आणि मागच्या मांडीचं हाड मोडून बसली. ऑपरेशन लांबलचक होतं. क्रांती चौकाच्या पुढं दवाखाना आहे, तिथं मीही सोबत गेले. डॉक्टरीणबाई तरुण, पण समजावून सांगणारी. "काका, हुंगवायच्या भुलीत आमच्याकडं दोन प्रकार. आयसोफ्लुरेनचा वास उग्र असतो. सेव्होफ्लुरेनचा तेवढा नाही, आणि जागही थोडी लवकर येते."

"मग दोन्ही आधी मला हुंगवा."

अगं बाई! डॉक्टरीणबाईचं पेन हवेतच राहिलं.

"काका, तुम्ही इथं आडवे झालात तर मी काय करू? मी जनावरांची डॉक्टर!"

"लई नाय. एकेक श्वास."

"भावजी, लाज आणता का?" मी त्यांची बाही ओढली.

ती बिचारी पुन्हा समजावत बसली. आधी सुई देऊन झोपवणार, मग घशात नळी घालून वायू देणार. वास शेवंतीला कळणारच नाही. एवढ्या वेळाला दोन्ही चालतात. खरं काम असतं ते श्वास, रक्तदाब आणि अंगातली ऊब सांभाळायचं. अनंतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाग कशात बरी येते? घाबरून उठते का? उठताना जवळ कोण असतं?"

म्हटलं, "अहो, उठेल ती. नाही उठणार असं का धरून चालताय?"

"ते नाय हो वहिनी. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा..."

"तुमचं? कधी?"

"दिवाळीनंतर. देवगाव रंगारीला भाच्याकडं चाललो म्हणून तुम्हाला सांगितलं, ते. डोळे उघडले तर वर नुसतं छत. कुठं हाय कळेना. हाक मारावी म्हटलं, तर कुणाच्या नावानं मारायची ते सुचेना."

भिंतीला भिंत लागून आमची घरं. परत आले तेव्हा वाकून चालत होते. म्हणाले, एस्टीत कंबर धरली. आणि मी शेकायला पिशवी दिली!

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली, "सेव्हो देऊ काका. आणि ती उठायला लागली की तुम्हाला आत बोलावते."

बोलावलं तेव्हा अनंतराव टेबलापाशी इतके वाकले, की शेवंतीचे डोळे उघडताच समोर त्यांचंच तोंड यावं. तिची पापणी हलली. "मी हाय गं. इथंच हाय."

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"वहिनी, तुम्ही बसा की बाहेर. पाय दुखतील."

"दुखू द्या," म्हटलं.