मोकाशी डॉक्टरांचे चावट सिनेमे

आमच्या शेजारचे मोकाशी डॉक्टर चावट सिनेमे लावतात आणि चावट भाग आला की टीव्हीसमोर वर्तमानपत्र धरतात.

वय ब्याऐंशी. निवृत्त भूलतज्ज्ञ. इंग्लंडात, वॉटफर्डमधल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीला पहिल्या रांगेत. आणि कपाटात चाळीसेक व्हिडिओ कॅसेटी, सगळ्या सत्तरच्या दशकातल्या इंग्रजी सिनेमांच्या. दूधवाले, प्लंबर, त्यांना बघताच टॉवेल सोडणाऱ्या बायका आणि नेमका त्याच वेळी दार उघडणारा नवरा. आज बघताना कीव यावी इतके भाबडे.

दर शनिवारी दुपारी मी तिथे हजर. बायकोला सांगतो, "डॉक्टर एकटे असतात गं, सोबत करतो." कसली सोबत! साठी उलटलेला, पोट सुटलेला एक गृहस्थ टॉवेल बघायला जातो, एवढंच खरं. आणि टॉवेल सुटला रे सुटला की वर्तमानपत्र वर!

"अहो डॉक्टर, जरा खाली घ्या की!"

"दिलीपराव, तिथे नुसती ॲनाटॉमी आहे. तुम्ही मागचा रस्ता बघा."

दूधवाला रस्त्यावर आला की वर्तमानपत्र खाली आणि डॉक्टरांचं नाक काचेला. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तपासून बघणार. मी मात्र कागदाच्या कडेने काही दिसतंय का म्हणून मान वाकडी करून बसलेला. त्या मानेसाठी पुढे फिजिओकडे जावं लागलं. कारण विचारलं, तर 'बागकाम' म्हणून सांगितलं.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र नवी कॅसेट येणं बंद झालं. दर शनिवारी एकच सिनेमा, हॉस्पिटलातला. मी निष्कर्ष काढला, म्हातारा नर्सवर भाळला. मंडळाच्या जेवणात मी डॉक्टरांची वर्तमानपत्रासकट नक्कलही केली. भरपूर हशा मिळवला.

मार्चमध्ये त्यांची मुलगी मेधा एडिनबराहून त्यांना कायमचं घेऊन जायला आली. तिने कपाट उघडलं.

"बाबा! हे सगळं टिपवर, कचऱ्यात जाणार. आजच!"

"बरं. एवढी एक राहू दे."

"ही तर वर्स्ट आहे! माझ्या घरी मुली आहेत, बाबा. दिलीप अंकल, तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला? छे!" मी म्हणालो. माझ्या आकाराचा खड्डा पडलेल्या सोफ्यावर बसून.

मेधाने ती कॅसेटही काळ्या पिशवीत टाकली. डॉक्टरांनी पिशवीचं दुसरं टोक धरलं.

"तुझ्या आईला शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही म्हणून. आता मोडतो. बस इथे."

त्यांनी कॅसेट लावली. हॉस्पिटलचं फाटक. एक लठ्ठ डॉक्टर नर्सच्या मागे धावतोय. आणि मागच्या फुटपाथवरून साडीवर ढगळा ओव्हरकोट घातलेली, हातात डबा घेतलेली एक मुलगी येतेय.

"लग्नाला महिना झाला होता," डॉक्टर म्हणाले. "माझा डबा घेऊन आली. शूटिंग चाललंय हे तिला काय ठाऊक! सिनेमा कसला ते कळल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सिनेमाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून मिळेल ती कॅसेट आणून शोधत होतो."

मेधाची आई गेली तेव्हा मेधा दोन वर्षांची होती. घरात फोटो होते, पण चालणारी आई तिने कधी बघितली नव्हती. ती टीव्हीसमोर जमिनीवरच बसली.

हा सिनेमा मी वीस वेळा बघितला होता. त्या मुलीला बघत होतो पहिल्यांदाच.

पडद्यावर ती थबकली. कॅमेऱ्याच्या बाजूला बघून डोळे मोठे केले. मग पदर तोंडाला लावून खुदकन हसली आणि निघून गेली. सगळं मिळून चार-पाच सेकंद.

कुणी न सांगताच डॉक्टरांनी कॅसेट मागे घेतली. ती पुन्हा आली, पुन्हा हसली.

"बाबा, आई कोणाला हसली?"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले.

"मला. मी कॅमेऱ्याशेजारी उभा होतो. ड्यूटी सोडून."

"का?"

"ती नटी बघायला."

मेधाने स्वेटरची बाही तोंडाला लावली आणि डोळ्यांत पाणी असतानाच खुदकन हसली. टीव्ही चालूच होता. डॉक्टर मात्र तिच्याकडे बघत राहिले.