सासूबाईंचे सर्व हक्क राखीव

जयनगरच्या महाविद्यालयात भाषाशास्त्र शिकवणाऱ्या श्यामलाचा शोधनिबंध एका परदेशी नियतकालिकाने स्वीकारला. विषय होता घरचीच बोली. तिच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात कन्नड मिसळून मराठी बोलत आली होती. त्यातही अक्का, म्हणजे तिच्या सासूबाई, इतकं रसाळ बोलत की श्यामलाने त्यांची रोजची वाक्यं निबंधाला परिशिष्ट म्हणून जोडली.

यथावकाश करार आला. घरच्या रिवाजाप्रमाणे तो देवापुढे ठेवून, हळदकुंकू वाहून, राहुकाळ टाळून त्यावर सही झाली. वाचायचा तेवढा राहिला. लेखिकेला स्वतःकडे हक्क ठेवायचे असल्यास जिथे खूण करायची होती, ती जागाच अक्कांनी कुंकवाचं बोट टेकवून झाकून टाकली होती.

पुढे श्यामलाने निबंध विद्यार्थ्यांना वाटला, तेव्हा नियतकालिकाने सभ्य शब्दांत कळवलं की आपला निबंध आता आपला नाही. तिने माफी मागितली. बढती त्याच निबंधावर अडली होती. मग नियतकालिकाच्या इंदिरानगरच्या कचेरीतून प्रणीतचा फोन आला. हा पुण्याहून नुकताच आलेला हक्करक्षण अधिकारी.

"मॅम, ॲक्च्युअली अक्कांनी काल फॅमिली ग्रुपवर 'स्वल्प चहा दे, सरी?' असा व्हॉइस मेसेज टाकलाय. ते परिशिष्टातलं वाक्य आहे, 'सरी म्हणजे बरं का' या तळटीपेसकट."

"अहो, ते त्यांचंच वाक्य आहे."

"होतं, मॅम. करारात 'सर्व माध्यमे' म्हटलंय. तोंड हे माध्यमच झालं ना?"

"मग त्यांनी चहा मागायचा कसा?"

"मागू देत की. फक्त शब्द बदलून. नाहीतर पेपर मागे घ्यावा लागेल."

अक्का भडकल्या. "माझं तोंड मी कुणाला विकलं गे?" असं म्हणाल्या. हेही वाक्य परिशिष्टात निघालं. शेवटी सुनेच्या बढतीसाठी त्यांनी टीव्हीवरच्या मालिका पाहून मराठी बदलली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला, "सूनबाई, किंचित चहा मिळू शकेल काय?" श्यामलाला रडूच कोसळलं.

धसका घेऊन नातेवाईकही तसंच बोलू लागले. वर्षभरात नियतकालिकाने पाहणी केली, बोलणारं कुणीच सापडेना, तेव्हा बोली मृत जाहीर केली. साहजिकच श्यामलाचा निबंध हा त्या बोलीचा एकमेव अस्सल पुरावा ठरला. बढती मिळाली, सत्कारही झाला. अक्कांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

"मी आपणा सर्वांची अत्यंत ऋणी आहे," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

शुद्ध मराठी ऐकून सभागृहाने टाळ्या वाजवल्या. शाल पांघरलेल्या श्यामलाला मात्र वर बघवेना.

वाचक हो, तुम्हालाही वाईट वाटलं असेल. आता तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांची बोली दोन मिनिटं बोलून दाखवा. तुमच्याकडून तर कुणी सहीसुद्धा घेतली नव्हती.