स्वेच्छेने पोहणाऱ्यांचा अर्ज

शनिवारी सकाळी चष्मेवाले सपत्नीक नौकाविहारास गेले आणि सात नंबरची बोट बुडाली. पाणी गळ्याएवढंच असल्यामुळे दोघे चालत काठावर आले आणि जबाबदार नागरिकांप्रमाणे थेट 'नौकाविहार अपघात नोंद कक्षा'च्या खिडकीशी निथळत उभे राहिले. बोटीच्या तळाला वीतभर भोक होतं, आणि उद्या साडूभाऊ सासूबाईंना घेऊन याच तळ्यावर येणार होते. ते भोक आजच्या आज बुजायला हवं होतं.

"मृताचं नाव?" कारकुनाने पेन उघडलं.

"कोणी मेलं नाही हो."

"मग बेपत्ता कोण?"

"आम्ही दोघंच होतो. दोघंही तुमच्यासमोर आहोत."

कारकुनाचा चेहरा पडला. जखमेच्या रकान्यासाठी चष्मेवाल्यांनी खरचटलेला गुडघा खिडकीपर्यंत उचलून दाखवला. पण गुडघा किरकोळ सदरात मोडत होता आणि ते सदर मागच्या वर्षीच बंद झालं होतं.

"बोट तरी हरवली का?"

"तळाशी आहे."

"म्हणजे तळ्यातच. हद्द सोडलेली नाही."

"अहो, पण भोक आहे तिला!"

"भोकाची पाहणी निरीक्षकसाहेब करतात. पाहणीला ते बोटीने जातात. सात नंबरच्या."

कारकुनाच्या डोक्यावर चकचकीत पाटी होती: 'गेली अकरा वर्षे अपघात: शून्य'. तिच्याकडे पाहून तो हळवा झाला. "हे शून्य म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. तुमच्यासाठी दुसरा अर्ज आहे, 'स्वेच्छेने पोहण्यास उतरलो'. एक सही केलीत की बोट काढून लगेच जागेवर लावतो."

"दुरुस्त करून ना?"

"लोक पोहायला उतरले, त्यात बोटीची काय दुरुस्ती?"

चष्मेवाले तत्त्वासाठी भांडणारच होते. पण बायको म्हणाली, "अहो, करा सही आणि चला, मी काकडतेय." त्यांनी सही केली. साडूंना सावध करायचं तर स्वतःची फजिती सांगावी लागली असती. म्हणून संध्याकाळी फोनवर ते फक्त "झकास झालं" एवढंच म्हणाले.

रविवारी दुपारी साडूभाऊ निथळत चष्मेवाल्यांच्या चष्म्यांच्या दुकानात शिरले. मागोमाग सासूबाई.

"जावईबापू, तुम्ही पोहता हे कधी बोलला नाहीत!" सासूबाई म्हणाल्या. "त्या खिडकीवर तुमचा अर्ज दाखवला आम्हाला. या धाकट्या जावयांना मात्र मी ओढून बाहेर काढलं."

चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही... अपघाताची नोंद केलीत ना?"

"कशाला?" साडूभाऊ चाचपडत खुर्चीत बसले. "चष्मा गेला तळ्यात, त्यामुळे कागद काही वाचता आला नाही. म्हटलं, तुमची सही आहे, मग आपणही करावी. उद्या आमचे साहेब सहकुटुंब जाणार आहेत. त्यांना सांगून टाकलं, झकास आहे म्हणून. बरं, नवा चष्मा कधी द्याल?"

हसताय? मागच्या महिन्यात कुठल्याशा खिडकीपाशी तुम्हीही अशीच सही केलीत. आणि तेव्हा चष्मा तुमच्या नाकावरच होता.