गेले का राह्यले?

देवरावजींच्या दारात उभं राहून कोणी प्यायला पाणी मागितलं, तर ते आधी विचारतात, "एक सांगा. गेले का राह्यले?"

नवा माणूस "कोण?" असं विचारतो आणि फसतो. मग त्याला ऐकावं लागतं की पृथ्वीच्या अगदी वरच्या टोकाला, जिथं हिवाळ्यात महिनोन्महिने सूर्य उगवत नाही, तिथंही एके काळी डायनासोर राहत होते. प्रश्न एवढाच, की अंधार पडला की ते उबेच्या मुलखाकडे निघून जात, की तिथंच कुडकुडत बसत? एकदा पोस्टमनलाही पाकिटावर सही मिळण्याआधी मत द्यावं लागलं. "गेले असतीन," तो बिचारा म्हणाला. "कायनं? तुह्या सायकलनं?" देवरावजींनी विचारलं.

घाटंजीला ते आमचे शेजारी. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरी संपली, आवाज मात्र फलाटावरचाच राहिला. माझी पिठाची चक्की सुरू असली तरी भिंतीपलीकडचं त्यांचं बोलणं मला शब्द न् शब्द ऐकू येतं, यावरून काय ते समजा.

या वेडाचं मूळ एक पुस्तक. कोणीतरी गाडीत विसरलेलं, लहान मुलांचं, चित्रांचं. मालक काही आला नाही, म्हणून निरोपसमारंभात सोबत्यांनी शाल-नारळाबरोबर तेही त्यांना देऊन टाकलं. त्यात एका पानावर हा प्रश्न मोठ्या अक्षरांत छापलेला आहे. उलटून पाहावं तर पुढचं पानच नाही. कोणा प्रवाशानं फाडून त्यात चिवडा बांधला असावा.

"उत्तर चिवड्यात गेलं, वहिनी," ते मला म्हणाले. मग त्यांनी स्वतःच उत्तर काढलं. राह्यले.

कारणं सगळी डेपोतली. "एवढा लांबचा रूट. मधात थांबा नाही, कॅन्टीन नाही. लेकरंबाळं संगं. अन् परतीची गाडी कवा, हे कोणालेच माहीत नाही. अशी गाडी कोणी सोडते काय?"

"आपली माणसं जातातच की," मी म्हटलं.

ते पुस्तक मिटून आत गेले. मला दळण होतं, मीही विषय वाढवला नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. वेचणी पुरती आटोपायच्या आत घरांना कुलपं लागत. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी सुरतेला. जाताना शेळी विकता येते, भांडी आत कोंडून ठेवता येतात. कोंबडीचं काय करणार? ती देवरावजींकडे, घराच्या किल्लीसकट. बोली ठरलेली: अंडी सांभाळणाऱ्याची, कोंबडी मृगाच्या आत परत.

हिवाळ्यात त्यांचं अंगण भरून जाई. ओळख पटावी म्हणून प्रत्येकीच्या पायाला वेगळ्या रंगाचं फडकं, आणि नाव मालक ज्या गाडीनं गेला त्या गाडीचं. 'नागपूर जलद' सकाळी उठली की थेट माझ्या चक्कीत. 'पांढरकवडा विनाथांबा' पिठाच्या डब्यात पडूनच थांबायची. 'उमरखेड साधी' मात्र दाण्यादाण्याला थांबत यायची, म्हणून तिचा त्रास नव्हता.

"हे डायनासोरचेच वंशज हायेत, वहिनी. पाय पाहा यायचे. थंडीत यातली एक तरी कुठं गेली काय?"

"पाय बांधल्यावर कुठं जातील?"

"फडकं हाये थे. दोर नाही."

उमरखेड साधी शेषराव आणि गंगाची. नवराबायको ऊस तोडायला उमरखेडच्या गाडीनं पुढं गेले, "मृगाच्या आधी येतो, काका," असं सांगून. तो मृग गेला, पुढचाही गेला. निरोप नाही. किल्ली देवरावजींच्या खिळ्यावर तशीच.

देवरावजींची मुलगी वैशाली पुण्याला असते. दर दिवाळीला येई आणि भांडून जाई. "बाबा, इथल्या थंडीत तुमचा दमा उसळतो. हिवाळ्यापुरते तरी चला."

"डायनासोर राह्यले, मी काहून जाऊ?"

"ते मेले बाबा. सगळे."

"थंडीनं नाही मेले."

त्या वर्षी मात्र दिवाळीनंतर त्यांना यवतमाळला नेऊन ऑक्सिजन लावावा लागला. वैशालीनं परस्पर तिकिटं काढली. देवरावजींनी शेवटचा मुद्दा मांडला: कोंबड्या.

"माझ्याकडे सोडा," मी म्हटलं.

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी खिळ्यावरच्या किल्लीकडे बोट दाखवलं. "अन् गंगा आली तं? कुलूप पाहून वापस जाईन थे."

"किल्ली मी देईन. मला हात आहेत."

गेले एकदाचे. रोज संध्याकाळी पुण्याहून फोन. तब्येत विचारावी तर ऐकत नसत. एकेका गाडीचं नाव पुकारायचं आणि मी "आहे" म्हणायचं. वैशाली मागून हसायची.

पौषात एका सकाळी मुंगसानं उमरखेड साधी नेली. पिसं आणि निळं फडकं एवढंच उरलं. संध्याकाळी फोनवर तिचं नाव आलं. मी "आहे" म्हटलं. आता म्हटलंच आहे तर ते खरं करणं भाग होतं. बाजाराच्या दिवशी तिच्यासारखी पांढरी मिळाली नाही, म्हणून एक तांबडी कोंबडी आणली, तिच्या पायाला निळं फडकं बांधलं आणि दळणाला लागले.

होळी झाल्यावर ते परत आले. अंगावर मांस चढलं होतं. "रूट लांब हाये," दारातूनच म्हणाले, "पण थांबे हायेत." मग सरळ अंगणात जाऊन बसले. मी दाणे टाकले. कोंबड्या जमल्या. त्यांनी तांबडीला उचललं, उलटसुलट पाहिलं.

"मुंगसानं नेली," मी म्हटलं. लपवण्यात अर्थ नव्हता. "ही बाजारातली."

"चांगली हाये. मी मांगच्या साली पांढरी आणली होती."

"म्हणजे मुंगसानं नेली ती..."

"थे माह्यावाली. गंगाची काळी होती. पहिल्याच उन्हाळ्यात मेली."

मी परात खाली ठेवली. इतके दिवस मी फडक्याचाच रंग पाहत आले होते. "अहो, गंगा आली तर तिला कळेल की. काळीची तांबडी कशी झाली म्हणेल."

"म्हणू द्या. पण येऊन म्हणू द्या."

मग त्यांनी कोंबडीचं फडकं सोडलं. "लय आवळलं तुम्ही, वहिनी. पाय सुजते." पुन्हा सैलसर गाठ मारली, तिला हळूच खाली ठेवलं आणि चक्कीवर आलेल्या बायकाही वळून पाहतील अशा आवाजात पुकारलं, "उमरखेड साधी, फलाटावर उभी आहे!"