टेकडीवरची संरक्षित तानाबाई

तानाबाई टेकामचा जमिनीच्या पट्ट्याचा अर्ज तिसऱ्यांदा फेटाळला गेला, तोही अत्यंत नियमानुसार. टेकडीवरच्या कोलाम पोडात, म्हणजे वस्तीत, राहणारी ही बाई उतारावर कुटकीचे भरडधान्य पेरत होती, हे कुणीच नाकारत नव्हते. पण ती रानातले कंदही खणत होती, मोहफुले वेचत होती. अर्जात मात्र व्यवसायासाठी एकच चौकोन होता.

"शेती की रान, एक काय ते ठरवा," यवतमाळच्या कचेरीतले बाबू सदाशिवराव म्हणाले. "दोन्ही लिहिलं की अर्ज बाद."

"साहेब, कुटकी दसऱ्याले हाती येते. तवर खाऊ काय? कंदच खणा लागते. एखांद्या वेळी ससा घावला तं..."

"ससा मी ऐकला नाही. ऐकला तर गुन्हा नोंदवावा लागेल."

त्याच वर्षी हिवाळ्यात पुरातत्त्व खात्याच्या वर्षा मॅडमनी तिच्या वावरात चार खड्डे खणले. तीन हजार वर्षांपूर्वीची चूल निघाली. चुलीत जळालेली कुटकी, कंदांचा कोळसा आणि सशाची हाडे. मॅडमना गहिवरून आले. डोंगरातली माणसे शेती, शिकार आणि रान एकत्र सांभाळत होती, केवढे हे शहाणपण!

तानाबाईने खड्ड्यात डोकावून पाहिले. "मॅडम, हा तं माह्या घरचाच सैपाक हाय."

मॅडमनी हे वाक्य अहवालात 'स्थानिक दंतकथा' या सदराखाली घेतले.

अहवालाची प्रत घेऊन तानाबाई कचेरीत गेली. सदाशिवरावांनी ती उभे राहून वाचली. "तीन हजार वर्षांचा पुरावा! आमच्याकडे लोक वीस वर्षांचाही आणत नाहीत." तानाबाईचा जीव भांड्यात पडला.

"पण जमीन एवढी मोलाची निघाल्यावर," सदाशिवराव हळहळले, "ती तुम्हाला कशी देता येईल?"

महिनाभरात वावराला तारेचे कुंपण पडले आणि फलक लागला: 'या ठिकाणी प्राचीन काळापासून शेती होत आल्याने शेती करण्यास सक्त मनाई आहे.'

"आता पेरू कुठं?" तानाबाईने विचारले. तिच्या पोटाचा प्रश्न होता, आणि शासन काही निर्दय नव्हते. कुंपणाशेजारी प्रात्यक्षिक केंद्र उघडले गेले. तिथे तानाबाईने अकरा ते पाच 'प्राचीन रहिवासी' म्हणून पेरणी करायची. बियाणे कचेरीतून भाजून येते, कारण उगवले तर ते अतिक्रमण ठरेल.

रविवारी तिथे चांगली गर्दी असते. दोरीच्या अलीकडे उभे राहून पाहुणे विचारतात, "या शहाण्या लोकांचं पुढे काय झालं असेल हो?"

तानाबाई कंबर सरळ करते. "कायले हळहळता? मी हावो न. माहा अर्ज कचेरीत पडून हाय. तुमी चार शिकलेल्या मानसाईनं त्याच्यासाठी सह्या देल्या तं बरं होईल."

आपण तिच्यासोबत एक फोटो काढतो. मग अभिप्रायाच्या वहीत 'अशी माणसे आता उरली नाहीत' असे लिहून खाली ठळक सही करतो.