रकान्यातलं दुसरं नाव

जब्बारमामू जालना रोड ओलांडताना पण डबल्स खेळतात. समोरून ट्रक आला की थांबून ओरडतात, "तुझा!" रिक्षा आली की "माझा!" म्हणून पुढं घुसतात. रिक्षावाला काय बोलतो ते इथं लिहिता येत नाय.

मामू आमच्या टेनिस क्लबात मार्कर. म्हंजे मेंबरांसंगं खेळायचं, त्यांना जिंकू द्यायचं आन् कोर्टावर चुना मारायचा. मी स्कोअरबोर्ड सांभाळतो. सिंगल्सला मामू टेनिस मानतच नाय. "अकेला आदमी तो दीवार से भी खेलता!" डबल्समधी बॉल दोघांच्या मधोमध आला की आवाज देईल त्याचा. मामू घरी शेवटच्या पोळीवर पण आवाज देतात.

यंदा क्लबात बायकांची मोठी प्रोफेशनल टूर्नामेंट लागली. डबल्सचा नियम साधा: चारच्या आत रेफ्री मॅडमच्या कागदावर दोघींची नावं पायजेत. नांदेडच्या एका पोरीची जोडीदार ऐनवेळी पाय मुरगळून बसली. पावणेचारला ही कागदासमोर रडकुंडीला.

मामूंच्या अंगातच आलं. "गण्या, टाइम क्या हुआ?" दर मिनिटाला विचारायचे. घड्याळ त्यांच्याच हातात. कँटीन पालथं घातलं. "कोई अकेली है क्या?" ओरडत बायकांच्या चेंजिंग रूमपर्यंत गेले, वॉचमननं धरून आणलं. शेवटी कळलं, सिंगल्स हरलेली एक झेक पोरगी विमानतळाला निघालीय. मामू गेटवर टॅक्सीपुढं आडवे.

"गण्या, इंग्लिश मार!"

मी मारली. पोरगी विचारात पडली.

दोन मिनिटं राह्यली. मामू पळत टेबलाकडं गेले आन् जागा धरायला रकान्यात स्वतःचंच नाव लिहून मोकळे.

मॅडमनं चष्मा काढला. "शेख जब्बार? विमेन्स डबल्स?"

"हौ मॅडम. जरा वेळ मीच हाय समजा."

तेवढ्यात झेक पोरगी बॅग ओढत आली. मामूंचं नाव खोडून आपलं लिहिलं. नांदेडची तिच्या गळ्यातच पडली.

संध्याकाळपर्यंत मी मामूंची नक्कल अख्ख्या क्लबाला करून दाखवली. एरवी सगळ्यात आधी तेच हसतात. आज नुसते चुना मारत होते.

"मामू, एवढी काय घाई झालती तुम्हाला?"

"बाबूराव माझा जोडीदार होता बे. आमची मार्कर लोकांची टूर्नामेंट. असंच चारला नाव द्यायचं होतं. तो देवगाव रंगारीहून यष्टीनं येत होता. चार वाजले. मी त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहिलं."

"आन् तो?"

"पाच मिनटात आला. इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून. कोर्टाबाहेरची जाळी धरून अख्खी मॅच बघितली. टाळ्या पण वाजवल्या. पुन्हा कधी आलाच नाय."

मी म्हणलं, "मॅचचं काय झालं?"

मामूंनी चुन्याची बादली उचलली.

"जिंकलो."